अमेरिकेतलं जुनं घराणं शोधायला खर्च किती?

अमेरिकेतल्या एखाद्या घराण्याची मुळं सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत शोधायची असतील, तर पहिल्या महिन्यात एक डॉलरही खर्चू नका. ज्या कागदांसाठी लोक वर्गणी भरतात, त्यांतले बरेचसे फुकट पाहता येतात. तिकडे स्थायिक झालेल्या कित्येक मराठी घरांत आता तिथलेच जावई आणि सुना आहेत, आणि नातवंडांची अर्धी वंशावळ मॅसॅच्युसेट्स नाहीतर व्हर्जिनियाकडे जाते. ती पुराव्यानिशी त्यांच्या हाती द्यावी असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हा हिशेब. दर बदलत असतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी ताजा आकडा पाहून घ्यावा.

सुरुवात फॅमिलीसर्चपासून करा. सॉल्ट लेक सिटीतलं मॉर्मन चर्च हे संकेतस्थळ चालवतं आणि खातं उघडायला काही लागत नाही. जनगणनेच्या वह्या, मृत्युपत्रं, खरेदीखतं, बाप्तिस्म्याच्या नोंदी पुण्यात बसूनही पाहता येतात. काही पानं घरून उघडत नाहीत. त्यासाठी त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जावं लागतं, पण तिथेही फी नाही.

अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी झाली. १९५० पर्यंतच्या वह्या खुल्या आहेत. फक्त १८९० च्या बहुतेक सगळ्या १९२१ च्या आगीनंतर हातच्या गेल्या. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव मिळतं. त्याआधी नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीची माणसं नुसत्या आकड्यांत. म्हणजे १८५० पर्यंत मागे जायला वेळ लागतो, पैसा जवळजवळ नाही. खरा खर्च त्याच्या पलीकडे सुरू होतो. उतारूंच्या याद्या मिळतील म्हणून कुठली महाग योजना मात्र घेऊ नका. जहाजांच्या सरकारी याद्या १८२० पासूनच्या आहेत आणि एलिस आयलंडचं स्थलांतरितांचं ठाणं १८९२ मध्ये उघडलं. जुन्या घराण्यांचे पूर्वज त्याच्या कितीतरी आधी उतरले होते.

स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांच्या पेन्शन-फायली राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. विधवेने पेन्शन मागताना लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलमधलं कुटुंबाच्या नोंदींचं पान फाडून जोडल्याची उदाहरणं त्यांत सापडतात, आणि एका फायलीत तीन पिढ्या उलगडतात. हीच फाईल टपालाने मागवली तर साधारण ६० डॉलर पडतात. तेव्हा आधी संकेतस्थळ पाहा.

आता वर्गणी. अँसेस्ट्री या वंशशोधाच्या संकेतस्थळाची अमेरिकेपुरती योजना महिन्याला २५ डॉलरच्या आसपास, जगभरच्या नोंदींची साधारण ४०. माझं मत स्पष्ट आहे: वर्षाची वर्गणी नको. शोधायच्या नावांची आणि कौंटींची यादी आधी तयार ठेवा, एक महिना घ्या, हवी ती पानं उतरवून घ्या आणि वर्गणी बंद करा. अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत हीच सेवा वाचकांना विनामूल्य मिळते. न्यू इंग्लंडचं घराणं असेल तर बॉस्टनच्या १८४५ साली स्थापन झालेल्या वंशशोध संस्थेचं सभासदत्व वर्षाला शंभर डॉलरच्या आसपास पडतं. १६४० पर्यंत तिथे येऊन राहिलेल्यांवर या संस्थेने केलेलं काम इतकं कसून केलेलं आहे की हे शंभर डॉलर मला कधीच जास्त वाटले नाहीत.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतही आपल्या कुलवृत्तांतांसारखे ग्रंथ भरपूर छापले गेले, आणि इंटरनेट आर्काइव्हवर ते फुकट वाचता येतात. त्यांचा उपयोग वाट दाखवण्यापुरता करा. गुस्ताव्ह अंजू नावाच्या गृहस्थाने श्रीमंत घराण्यांकडून भरपूर पैसे घेऊन खोट्या वंशावळी रचून दिल्या होत्या, आणि त्यांतल्या चुका आजही नकलून पुढे जातात. मूळ कागद न पाहता एकही पिढी जोडू नये.

मूळ कागद कौंटीच्या कोर्टहाउसात असतो. जो संकेतस्थळांवर चढलेला नाही, त्यावरच पैसे घाला. नकलेला पानामागे पन्नास सेंटपासून दोन-तीन डॉलरपर्यंत लागतात, प्रमाणित नकलेला थोडे जास्त. एक मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी पंचवीस-तीस डॉलरांत हाती येते. नक्कल वाचताना १७५२ लक्षात ठेवा. त्याआधी तिथलं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून ‘फेब्रुवारी १७३१/३२’ असं लिहिलेलं दिसतं. हे ध्यानात न घेतल्यामुळे माणसं भलत्याच माणसाच्या नकला मागवत बसतात.

डीएनए चाचणीची छापील किंमत ९९ डॉलर, सवलतीच्या दिवसांत ती ४० ते ६० वर येते. चुलत-मावस नाती पाच-सहा पिढ्यांपर्यंत जुळवायला ती चांगली. १७७६ चा पूर्वज मात्र आजच्या नातवापासून आठ-नऊ पिढ्या दूर असतो, आणि एवढ्या अंतरावर त्याचा ओळखू येईल असा अंश कदाचित उरलेलाही नसेल.

सगळ्यात जास्त खर्च येतो तो गुलामगिरीत राहिलेल्या कुटुंबांचा शोध घेताना, आणि तो करण्यासारखा आहे. १८५० आणि १८६० च्या याद्यांत त्यांची नावं सहसा नाहीत, फक्त मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण. १८७० च्या जनगणनेत बहुतेकांची नावं पहिल्यांदा दिसतात. तिथून मागे जायचं तर आधी मालकाचं घराणं शोधायचं, मग त्याच्या मालमत्तेच्या याद्यांत, गाईगुरांच्या शेजारी किंमत लावून लिहिलेली माणसं शोधायची. मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या फ्रीडमेन्स ब्युरो या सरकारी खात्याची कागदपत्रं आणि लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाचा ‘व्हर्जिनिया अनटोल्ड’ हा संग्रह दोन्ही फुकट आहेत. काही कौंटींचं दप्तरच उरलेलं नाही: व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर कौंटीने सुरक्षित राहावेत म्हणून रिचमंडला पाठवलेले बहुतेक कागद १८६५ च्या एप्रिलमध्ये तिथे जळाले. अशा वेळी करवसुलीच्या याद्यांवरून माणूस ताडावा लागतो, आणि इथे जाणकाराची मदत घ्यावी.

व्यावसायिक संशोधक तासाला साधारण ५० ते १५० डॉलर घेतात. वंशशोधकांना प्रमाणपत्र देणारं मंडळ १९६४ पासून आहे, त्याच्या यादीतून नाव निवडा. सबंध घराणं त्यांच्या हाती सोपवू नका. ‘या माणसाचा बाप कोण’ असा एकच प्रश्न द्या, दहा तासांची मर्यादा घाला, म्हणजे खर्च ५०० ते १५०० डॉलरांत राहतो. अहवाल लेखी हवा, प्रत्येक विधानाखाली दप्तर आणि पानाचा उल्लेख हवा. कोणत्या वह्या पाहिल्या आणि त्यांत नाव सापडलं नाही, तेही लिहून मागा, म्हणजे पुढच्या माणसाला त्याच वह्यांसाठी पुन्हा पैसे द्यावे लागणार नाहीत.