पाणपिसूचे शिरस्त्राण

आनुवंशिकता शिकविताना आम्ही पाणपिसूचे उदाहरण आवर्जून घेतो. नाव पिसूचे असले, तरी डॅफ्निया हा झिंग्याच्या कुळातील इवलासा कवचधारी जीव. नॉर्वेचे शास्त्रज्ञ सार्स यांनी ऑस्ट्रेलियातील वाळका चिखल पाण्यात भिजवला. त्यातील सुप्त अंड्यांतून निघालेल्या डॅफ्निया लुमहोल्ट्झीचे वर्णन त्यांनी 1885 मध्ये प्रसिद्ध केले.

अनुकूल ऋतूत या माद्या नराविना प्रजनन करतात. लेकींचा वारसा हुबेहूब आईचा. अशा लेकी दोन भांड्यांत वाढवाव्या आणि एकीत, मासे राहिलेले पाणी गाळून घालावे. मासा नकोच, त्याचा गंध पुरे! तेथे वाढणाऱ्यांचे टोकदार शिरस्त्राण व शेपटीकडील काटा लांबतो. लहान माशाला असा घास गिळणे कठीण जाते. मोठ्यापुढे मात्र हे शस्त्र फारसे चालत नाही.

1990 च्या सुमारास ही जात अमेरिकेतील जलाशयांत शिरली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तिला तेथील डॅफ्निया पुलिकारियासोबत वाढविले गेले. मत्स्यभय नसताना पुलिकारिया वरचढ ठरली. ते येताच शिरस्त्राणधारी पाहुणीची संख्या वाढली.