सूर्यप्रकाशापासून वीज कशी होते?

फुलंब्रीच्या आसपासच्या शिवारांत विहिरींवर सौर प्लेटा आतां जागोजाग दिसतात. त्यांवर पंप चालतो हें सर्वांस ठाऊक आहे. पण कशाच्या बळावर चालतो, ह्याचा विचार न केल्यास पदरीं नुकसान येतें. आमच्या एका शेजाऱ्यांनीं प्लेटा तापूं नयेत म्हणून त्या निंबाच्या सावलींत बसवून घेतल्या. पुढें मका ऐन तुऱ्यावर असतां भर दुपारींही पंप पाणी ओढीना.

चूक कोठें झाली? वीज उन्हाच्या उष्णतेनें होत नाहीं, प्रकाशानें होते. प्लेटेच्या कांचेखालीं सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. चकतीच्या एका थरांत फॉस्फरसचा व दुसऱ्यांत बोरॉनचा अत्यल्प अंश मिसळलेला असतो. त्यामुळें पहिल्यांत इलेक्ट्रॉन नांवाचे ऋणकण जास्त, तर दुसऱ्यांत त्यांची उणीव. प्रकाशाच्या आघातानें इलेक्ट्रॉन सुटा होतो, व थरांचा सांधा त्यास एकाच बाजूस लोटतो. फूटव्हॉल्व्ह जसा पाण्यास विहिरींत परतूं देत नाहीं, तसाच हा सांधा. मग तो कण तारेवाटे पंपांतून फिरून दुसऱ्या बाजूनें परत येतो. ह्या फेऱ्यासच आपण वीज म्हणतों. कामास येईल अशी सिलिकॉनची चकती अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९५४ सालीं झाली.

एका चकतीचा दाब सुमारें अर्धा व्होल्टच. म्हणून पुष्कळ चकत्या एकीपुढें एक जोडितात. पाटांत एके ठिकाणीं माती ढांसळली कीं पुढील सर्व वाफ्यांचें पाणी तुटतें. तशीच थोड्या चकत्यांवर पडलेली सावली बऱ्याच प्लेटांचें बळ घटविते. शेजाऱ्यांचा तर्क अगदींच खोटा नव्हता. फार तापल्यास प्लेटेची शक्ति थोडी घटतेच. परंतु त्यास उपाय सावली नव्हे. खालून वारा खेळता ठेवणें हा होय.

भर उन्हांत एका चौरस मीटरवर सुमारें १,००० वॅट ऊन पडतें. चांगली प्लेट त्याचा सुमारें पांचवा हिस्सा वीज करून देते. ३ अश्वशक्तीच्या पंपास साधारण ३,००० वॅटच्या, म्हणजे सुमारें १५ चौरस मीटर, प्लेटा लागतात. राज्य सरकारच्या २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेंत अडीच एकरांपर्यंतच्या खातेदारास एवढाच पंप ठरविला असून, सर्वसाधारण शेतकऱ्यास किंमतीचा १० टक्के हिस्सा भरावा लागतो.

सारांश, दिवसभर सावली न येणारी जागा निवडावी, प्लेटांचें तोंड दक्षिणेस ठेवावें, व त्या थंड असतांना सकाळीं साध्या पाण्यानें धुवाव्या. शेजाऱ्यांनीं प्लेटा मोकळ्या जागीं हलविल्या. आतां रात्रीं विंचूकाट्यांत पाणी धरण्यास जाण्याची पाळी त्यांजवर येत नाहीं.