पडकें घर आणि जुनाट दुखणें

तालुका कचेरींत कारकुनी करीत असतां एक गोष्ट प्रस्तुत लेखकाच्या वारंवार नजरेस आली. घरासाठीं जागा मागणारा अर्ज आणि आजारपणासाठीं मदत मागणारा अर्ज हे पुष्कळदां एकाच कुटुंबाचे असत. आम्हीं ते निरनिराळ्या बस्त्यांत बांधीत असूं. त्यांचा संबंध कोणी जोडीत नसे. तो येथें दाखविण्याचें योजिलें आहे.

प्रथम घराचा दोष पाहूं. भूमिहीन मजुराचें घर बहुधा एका खोलीचें, कुडाचें अथवा पत्र्याचें. त्यास खिडकी नसते. क्षयाचे जंतु खोकल्यावाटे हवेंत पसरून बंद खोलींत तासन् तास तरंगत राहतात. तेथेंच सहा माणसें निजत असल्यास एकाचा रोग दुसऱ्यास जडण्यास अवकाश लागत नाहीं. चूलहि त्याच खोलींत असल्यास लांकूड व गोंवऱ्या यांच्या धुरानें स्त्रियांस फुप्फुसाचा जुनाट विकार होतो. ओल व बुरशी यांनीं दमा बळावतो.

आतां खर्चाचा भाग. कच्चें घर स्वस्त पडतें, ही समजूत खोटी आहे. उदाहरणादाखल समजा, दर पावसाळ्यापूर्वीं शाकारणी, ताडपत्री व कुडाची डागडुजी यांस ६,००० रुपये लागतात. दहा वर्षांत ६०,००० रुपये मातींत गेले, आणि घर होतें तसेंच राहिलें. त्यांत कर्ता पुरुष आजारी पडून महिन्याचे दहा रोज बुडाले, व रोज ३०० रुपये धरला, तर दोन महिन्यांच्या दुखण्यांत वर्षाची डागडुजी बुडते. मग घर गळतें, ओल वाढते आणि दुखणें उलटतें. असें हें रहाटगाडगें आहे.

सन २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेंत (ग्रामीण) सपाट प्रदेशांत १,२०,००० व डोंगराळ भागांत १,३०,००० रुपये हप्त्यानें मिळतात. परंतु गायरानांत झोपडी असणाऱ्यास जागेचा कागद दाखवितां येत नाहीं; आणि ज्यास दाखवितां येतो, त्याच्या घरीं दुखणें आल्यास काम जोत्यावरच अडतें. क्षयाचें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें, व पोषणासाठीं नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० ऐवजीं १,००० रुपये मिळूं लागले. तथापि बुडालेला रोज कोणी भरून देत नाहीं.

सबब पुढील गोष्टी कराव्या :

(१) जागेची मागणी ग्रामसभेंत लेखी मांडावी, व ग्रामपंचायतीकडील नमुना ८ चा उतारा जपून ठेवावा.

(२) घरकुल बांधतांना समोरासमोर दोन खिडक्या ठेवाव्या, व चूल निजण्याच्या खोलींत मांडूं नये.

(३) दोन आठवड्यांवर खोकला राहिल्यास थुंकी तपासून घ्यावी. औषध सामान्यतः सहा महिने घ्यावें लागतें. बरें वाटलें म्हणून मध्येंच सोडूं नये.

(४) मधुमेह्यास क्षयाचा धोका इतरांहून दुप्पट-तिप्पट असतो. म्हणून घरांत क्षय निघाल्यास त्याची तपासणी आधीं करावी.

शेवटीं बागाईतदार बंधूंस एक विनंति. आपल्या मळ्यांतील सालगड्याची खोली आपणच बांधून दिलेली असते. बैलांचा गोठा हवेशीर असावा म्हणून आपण जितकी काळजी घेतों, तितकीच त्या खोलीचीहि घ्यावी. एक खिडकी पाडण्यास फार पैसा लागत नाहीं.