बंद पंख्याचा हिशेब

कमी ऊन दाखवणारा पायरॅनोमीटर (ऊन मोजणारे यंत्र) सौर प्रकल्प चालवणाऱ्याला सहसा खुपत नाही. पडलेल्या उन्हाच्या मानाने वीज किती निघाली यावर पीआर (परफॉर्मन्स रेशो) ठरतो आणि पीआरवर देखभालीच्या ठेकेदाराचे पैसे. ऊन कमी मोजले गेले की तोच प्रकल्प कागदावर गुणी दिसतो. धुळे जिल्ह्यातल्या एका प्रकल्पावर आकडे तपासायला गेलेल्या प्रस्तुत लेखकाला हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

पायरॅनोमीटरखाली व्हेंटिलेशन युनिट होते. म्हणजे फिल्टरमधून हवा ओढून काचेच्या घुमटावर सतत सोडणारा छोटा पंखा. तो बंद होता आणि फिल्टर धुळीने चोंदला होता. "साहेब, पंखा दवासाठी असतो. इथं कुठलं आलंय दव?" साइट इंजिनिअर म्हणाला. जानेवारीतली सकाळ होती. शेजारच्या जीपच्या टपावरून पाणी ओघळत होते.

दव निदान डोळ्यांना दिसते. खरी खोड दिसत नाही. निरभ्र आकाश थंड असते. घुमट आपली उष्णता त्याच्याकडे टाकतो आणि आतल्या सेन्सरपेक्षा गार होतो. मग सेन्सर घुमटाला उष्णता देऊ लागतो आणि रीडिंग शून्याच्या खाली जाते. रात्री हे उघड दिसते. दिवसा तीच घट उन्हाच्या आकड्यात मुरून जाते. हवा खेळती ठेवली तर घुमट आणि यंत्राचे अंग यांच्या तापमानातला फरक कमी होतो. दर चौरस मीटरला १००० वॅटच्या उन्हात १० वॅटची चूक म्हणजे १ टक्का. पण निरभ्र दिवशी विखुरलेले ऊन १०० वॅटच्या आसपास असले, तर तीच चूक १० टक्के. दावोसच्या रोल्फ फिलिपोना यांनी ऊन असे कमी मोजले जाते, हे २००२ मध्येच मांडले होते.

लेखकाने रात्रीचे आकडे मागवले. सगळे शून्य. ०.० ची रांगच्या रांग! इथेच पाल चुकचुकली, कारण उष्णतेच्या फरकावर चालणारे हे थर्मोपाइलचे यंत्र रात्रभर इतके सोवळे राहत नाही. आकडे नोंदवणाऱ्या लॉगरच्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी ओळ घातली होती: उणे आले की शून्य लिहा. कच्चे मिलिव्होल्ट मागितले, तर "ते हेड ऑफिसला असतात". हेड ऑफिसने मेलला उत्तर दिले नाही. मालकाने बिल अडवल्यावर फाइल आली आणि निरभ्र रात्री उणे निघाल्या. बैठकीत ठेकेदाराने यंत्राचे माहितीपत्रक पुढे केले: घट ७ वॅटच्या आत. पायरॅनोमीटरचे वर्ग ठरवणाऱ्या आयएसओ ९०६० या मानकाच्या १९९० च्या आवृत्तीत उत्तम वर्गासाठी हाच ७ होता, पण व्हेंटिलेशन चालू असताना. इतिवृत्तात हे सगळे 'किरकोळ मुद्दा' म्हणून नोंदले गेले. हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणींनी पुण्यात राहून देशाच्या सौरमापनाची घडी बसवली, त्याच राज्यात!

ज्यांना अशी यंत्रे सांभाळायची आहेत त्यांनी पंख्याच्या फेऱ्यांचा सिग्नल लॉगरला जोडून घ्यावा. पंखा फिरतोय या तोंडी ग्वाहीला अर्थ नाही. एसी मोटर हवा तापवते, डीसी पंखा बरा. हीटर गरजेपुरताच लावावा, कारण तोही रीडिंग ढळवू शकतो. कॅलिब्रेशन करताना व्हेंटिलेशन युनिट प्रत्यक्षात असेल तसेच चालू ठेवायला सांगावे. फिल्टर धुळीच्या दिवसांत वरचेवर झाडावा. घुमट पहाटे मऊ कापडाने पुसावा, यंत्रातली ओल शोषणाऱ्या सिलिका जेलवर लक्ष ठेवावे, नोंदवही ठेवावी. हे सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी करत नाही.

आणि करारात एक कलम घालाच: रात्रीचे कच्चे आकडे, उण्यासकट, दर महिन्याला मालकाच्या हाती आले पाहिजेत. ठेकेदार त्याला का-कू करत असेल, तर त्याच्या पीआरवर विश्वास ठेवू नका.