दवाखान्याच्या बिलात बटई नको

बेटा, आरोग्य विमा घेताना सगळे आधी हप्ता विचारतात. तू आधी विचार, उद्या बिल आलं तर त्यातलं आपल्या खिशातून किती जाणार?

मक्ता आणि बटई यांतला फरक हिंगणघाटच्या पोराला सांगायला नको. डिडक्टिबल म्हणजे मक्ता, रक्कम आधीच ठरलेली. 50 हजार ठरले, तर तेवढे आपले, त्यावरचं विम्याच्या रकमेपर्यंत कंपनीचं. को-पे म्हणजे बटई, पिकातल्या वाट्यासारखा बिलात वाटा. 20 टक्के ठरले, तर बिल वाढेल तसा आपला वाटाही वाढतो.

हिशेब करून बघ. बिल 2 लाखांचं असेल, तर को-पेत 40 हजार जातात, डिडक्टिबलमध्ये 50 हजार. इथे बटई स्वस्त. बिल 8 लाखांवर गेलं, की डिडक्टिबल 50 हजारच राहतं, को-पे मात्र 1 लाख 60 हजार होतो. या दोघांची बरोबरी अडीच लाखांच्या बिलाला होते. घर मोडतं ते त्याच्या पुढच्या बिलांनी.

तुझ्या आजीच्या वेळी हप्ता कमी म्हणून मी को-पेची पॉलिसी घेतली होती. नागपूरचं बिल 6 लाख झालं. आपल्या वाट्याचे 1 लाख 20 हजार उभे करायला घरात भरलेला कापूस मिळेल त्या भावानं विकावा लागला. म्हणून सांगतो:

डिडक्टिबल झेपेल तेवढंच घे, आणि तेवढी रक्कम बँकेत वेगळी ठेव. लग्नकार्याला तिला हात लावू नकोस.

डिडक्टिबलच्या वरचं बिल देणाऱ्या पॉलिसींत साधा टॉप-अप घेऊ नकोस, सुपर टॉप-अप घे. डिडक्टिबल 3 लाखांचं आहे आणि वर्षात 2-2 लाखांची तीन बिलं आली, असं समज. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं धरतो, एक रुपयाही देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो, 3 लाख देतो.

को-पे कुठे दडलाय ते शोध. साठीनंतर घेतलेल्या बऱ्याच पॉलिसींत तो असतो. काहींत लहान गावाच्या दरानं हप्ता भरून मोठ्या शहरात उपचार घेतले तरी लागतो. आपण तर नागपूर-मुंबईलाच जाणार! खोलीभाड्याची मर्यादाही बघ. महागडी खोली घेतली, तर बिलातले इतर खर्चही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजना विसरू नकोस. ठरलेल्या उपचारांसाठी, यादीतल्या दवाखान्यांत, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान कार्ड काढून ठेव.

वाटा मागणं वाईट नाही, तो कुठे मागायचा हे कळलं पाहिजे. आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या योजनेत गावकरी सुगीला ज्वारी देऊन विमा उतरवत. डॉ. उल्हास जाजूंनी ती उभी केली. अचानक आलेल्या आजाराला उपचार मोफत, मोतीबिंदू-हर्नियासारख्या आधी कळणाऱ्या गोष्टींना चौथा हिस्सा रुग्णाचा. ज्याची तयारी करता येते त्यातच वाटा, हा न्याय मला पटतो.

पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. तेवढ्या दिवसांत एक संध्याकाळ बस, को-पेची ओळ शोध. 20 टक्के दिसले, तर हप्ता कितीही कमी असो, ती पॉलिसी परत कर.