गाथा, कथा आणि गीत



बुद्धपौर्णिमा जवळ आली की वसतिगृहात पेटी-ढोलकी निघते, गीतांचा सराव सुरू होतो आणि एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो : ज्या कथेला इतिहासाचा आधार नाही, ती कथा आपण गीतातून गावी काय? या प्रश्नाचा विचार थोड्या दुरून, चीनमधील एका उदाहरणापासून करू.

चीनमधील एक गीतसंग्रह

वांग फेई ही १९६९ साली बीजिंगमध्ये जन्मलेली आणि हाँगकाँगमध्ये नावारूपाला आलेली पॉप गायिका. सन २००० मध्ये तिचा 'युयान' हा अल्बम प्रसिद्ध झाला. युयान म्हणजे बोधकथा. त्यातील पहिल्या पाच गीतांना तिने स्वतः चाली दिल्या. शब्द लिन शी या गीतकाराचे आहेत. बौद्ध कल्पना आणि परीकथा यांची त्यांत गुंफण आहे. एका गीताचे नाव 'असुर', तर दुसऱ्याचे 'पैलतीराचे फूल'. पैलतीर हा शब्द आपल्याला परका नाही. भवसागराच्या पार जाणे ही बौद्ध वाङ्मयातील जुनी उपमा आहे.

पुढे २००९ मध्ये याच गायिकेने शान्शी प्रांतातील फामेन विहाराच्या सोहळ्यात प्रज्ञापारमिताहृदयसूत्र गायिले. या सूत्राचा चीनमध्ये सर्वाधिक प्रचलित अनुवाद ह्युएन त्संग यांच्या नावे आहे. तेच ह्युएन त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेले होते आणि येथील लोकांविषयी व संघारामांविषयी त्यांनी लिहून ठेवले आहे. बोधकथांचा प्रवासही असाच झाला. भारतात संघसेनाने संकलित केलेल्या शंभर दृष्टान्तांच्या ग्रंथाचा गुणवृद्धी यांनी इ. स. ४९२ मध्ये चिनी अनुवाद केला. मूळ ग्रंथ आपल्याकडे लुप्त झाला. चीनने तो जपला. १९१४ साली लू शून या थोर लेखकाने स्वतःच्या पैशाने त्याची आवृत्ती छापवून घेतली.

गाथा आधी, गद्य नंतर

कथा आणि गीत यांचे हे नाते बौद्ध साहित्यात मुळापासून आहे. 'गाथा' या शब्दातच गाणे आहे. जातकाच्या ५४७ कथा आपण गद्यात वाचतो. परंतु खुद्दकनिकायात समाविष्ट असलेला मूळ पाठ गाथांचाच आहे. गद्यकथा अट्ठकथेतून आली. म्हणजे लोकांनी गाथा कंठात जपली आणि तिच्याभोवती कथा वाढली. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी अजिंठ्याच्या चित्रकारांनी त्याच कथा भिंतीवर उतरविल्या. दहाव्या लेण्यातील छद्दन्त हत्ती आणि सतराव्या लेण्यातील वेस्सन्तर राजा आजही ती साक्ष देतात.

बाबासाहेबांची कसोटी

मात्र कथा जितकी गोड, तितकी ती सावधपणे घ्यावी लागते. 'असुर' याच शब्दाचे उदाहरण घ्या. बौद्ध परंपरेत असुर हे मत्सरी व युद्धखोर म्हणून रंगविले जातात. परंतु महात्मा फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त देव-असुरांच्या पुराणकथा उलटून वाचल्या आणि बळीला प्रजाहितदक्ष राजा म्हणून आपल्यापुढे उभे केले. कथा कोण सांगतो आणि कोणाच्या हितासाठी सांगतो, हे विचारण्याची सवय आपल्याला तेथून लागली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच दृष्टी बुद्धचरित्राला लावली. 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात त्यांनी चार दृश्यांची पारंपरिक कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर वृद्ध, रोगी आणि मृत मनुष्य पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही. त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेला कलह पुढे मांडला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, संघात त्याचा पक्ष अल्पमतात गेला आणि आपल्या कुटुंबीयांना शिक्षा भोगावी लागू नये म्हणून त्याने गृहत्याग पत्करला. जे बुद्धीला धरून आहे आणि मनुष्याच्या कल्याणाचे आहे, तेच बुद्धवचन मानावे, ही त्यांची कसोटी होती.

आपली गीतपरंपरा

आपल्याकडे हे काम जलशांनी केले. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगावी विचार पोहोचविला. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक मुंबईत प्रौढपणी अक्षरे शिकले आणि २००४ साली निधन होईपर्यंत गात राहिले. चाल कव्वालीची वा चित्रपटगीताची, ओळखीची. विचार मात्र नवा. चिनी गायिकेने पॉप संगीताचा आधार घेतला, आपल्या शाहिरांनी लोकांच्या ओठांवरील चालींचा घेतला, मार्ग एकच.

तरीही एक उणीव मनाला लागते. आपल्या अनेक गीतांत अजूनही रथातून निघालेला राजपुत्र आणि ती चार दृश्येच येतात. रोहिणीचे पाणी, संघातील मतदान आणि एकट्या पडलेल्या तरुणाचे धैर्य क्वचितच येते. पाण्यासाठी चवदार तळ्यावर गेलेल्या समाजाला याहून जवळची कथा कोणती असणार? आणि ते महाड आपल्या याच रायगड जिल्ह्यात आहे.

म्हणून प्रारंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : कथा अवश्य गावी. जातक हे बोधकथा म्हणून गावे, इतिहास म्हणून नव्हे. चमत्काराने डोळे दिपविणारी कथा बाजूला ठेवावी आणि माणसाला माणसाशी जोडणारी कथा कंठात ठेवावी.

स्वाध्याय

१. जातकातील गाथा आणि गद्यकथा यांतील फरक स्पष्ट करा.
२. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची पारंपरिक कथा आणि बाबासाहेबांनी मांडलेले कारण यांची तुलना करा.
३. रोहिणी नदीच्या प्रसंगावर आठ ओळींचे गीत रचा. चाल तुमच्या आवडीची असू द्या. विचार मात्र कसोटीला उतरला पाहिजे.