हमाल दारात येण्याआधी

बदलीचा आदेश आला आहे आणि पंधरा दिवसांत घर हलवायचं आहे? घाबरू नका, आपण एकेक करत जाऊ. समजा, चंद्रपूरचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड आलापल्लीला न्यायचं आहे. एक पिकअप, तीन हमाल आणि बेताचा खर्च. मग एवढं पक्कं धरा: हमालाला पैसे उचलण्याचे द्यायचे. रिकामं करणं, खोलणं, बांधणं हे सगळं तुम्ही आधीच उरकून ठेवायचं.

हे जमवा: तांदळाचे रिकामे बोरे, किराणा दुकानातले पुठ्ठ्याचे खोके, दोन चुंगड्या तणस, बांबूच्या दोन-तीन मोठ्या टोपल्या, सुतळीचे दोन गुंडे, जुन्या सुती साड्या आणि चादरी, खडू, जाड स्केचपेन, पाना, पेचकस, ताडपत्री. चिकटपट्टी एकच घ्या, ती फक्त खोक्यांना लागेल. विकतचं बबलवालं प्लास्टिक आणू नका. आपल्या धानाच्या मुलखात तणस असताना त्यावर पैसे कशाला घालायचे?

आठ दिवस आधी

१. न्यायचं नाही ते आजच बाजूला काढा. मोडकी खुर्ची, गंजलेली बादली, बंद पडलेला मिक्सर भंगारवाल्याला द्या. "असू दे, लागेल कधीतरी" असं मनात आलं तर ती वस्तू वर्षभरात कितीदा हातात घेतली ते आठवा.

२. परतीची गाडी शोधा. अहेरी-आलापल्लीकडून माल घेऊन चंद्रपूरला आलेली पिकअप बरेचदा रिकामी परत जाते, तिचं भाडं कमी पडतं. ओळखीच्या किराणा दुकानदाराला आणि धान्याच्या व्यापाऱ्याला विचारा. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी असा रस्ता ठरवून घ्या. भामरागडकडे जायचं असेल तर पावसाळा लागायच्या आत उरका. पर्लकोटा नदीला पूर आला की सामानासकट अडकून पडाल.

३. हमालाला घरी बोलावून सामान दाखवा. "सगळं खोलून, बांधून तयार असेल, तुम्ही फक्त उचलायचं" असं सांगूनच ठेका ठरवा. लोखंडी आलमारी किंवा वरचा मजला लपवू नका, नाहीतर ऐनवेळी भाव वाढतो. तिकडे उतरवायला वेगळे हमाल लागतील का, तेही आताच विचारून घ्या.

४. गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायची तारीख ठरवा. दुसऱ्या गावी जाताना तिथून कागद मिळतो, तो जपून ठेवा, नव्या गावी कनेक्शन घेताना लागेल. शेगडी तुमचीच, ती सोबत न्या. भरलेलं सिलिंडर सामानाच्या गाडीत टाकू नका.

५. सागवानी फर्निचरचं बिल शोधून काढा. आपल्याकडे रस्त्यात वनविभागाचे तपासणी नाके असतात. बिल ड्रायव्हरजवळ असलं की खोळंबा होत नाही. घरी सागाच्या सुट्या फळ्या पडल्या असतील तर त्या वनविभागाच्या वाहतूक परवान्याशिवाय गाडीत चढवू नका.

६. तणस दिवसभर कडक उन्हात पसरा. अधूनमधून काठीने उलथापालथ करा. विंचू आणि किडे ओलसर तणसात दडतात, म्हणून झटकल्याशिवाय हात घालू नका.

तीन दिवस आधी

७. पुस्तकं लहान खोक्यांत भरा. मोठ्या खोक्यात भरलीत तर तळ फाटतो आणि हमालाची कंबर जाते.

८. कपडे आणि अंथरुणं बोऱ्यांत कोंबा. बोऱ्याचं तोंड शिवू नका, सुतळीने बांधा. रात्री पोहोचल्यावर चादर चटकन काढता येईल.

९. काचेची आणि चिनीमातीची भांडी तणसात बसवा. हे काम मन लावून करा. टोपलीच्या तळाला चार बोटं जाड थर द्या. कपात तणसाचा बोळा घाला, कप साडीच्या फाडलेल्या पट्टीत गुंडाळा आणि कानाकडची बाजू आत येईल असा ठेवा. बशा आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या लावा. दोन वस्तूंच्या मध्ये बोटभर तणस हवंच. टोपली भरली की दोन्ही हातांनी धरून हलवा. खळखळ ऐकू आली तर अजून तणस घाला. आवाज बंद झाला की वरून फडकं टाकून सुतळीने आवळा.

१०. स्टीलचे गंज आणि डबे एकात एक घाला. रिकामा डबा म्हणजे वाया गेलेली जागा. त्यात डाळ-तांदळाच्या पिशव्या बसवा.

११. लोणच्याची बरणी वेगळी काढा. तोंडाला फडकं बांधा. ती गाडीत चढवायची नाही, तुमच्या पायाशी उभी जाईल. तेल एकदा कपड्यांत उतरलं की निघत नाही.

१२. कूलर रिकामा करून वाळवा. पंप काढून कापडात गुंडाळा, ताट्या सुट्या बांधा. आता पोटातल्या मोकळ्या जागेत उशा भरा. जड काही भरू नका, पंख्याची पाती वाकतील.

१३. पलंग खोला. सांध्यासांध्याला, जिथे दोन तुकडे जुळतात तिथे, दोन्ही तुकड्यांवर खडूने एकच आकडा लिहा: इथे १ आणि १, तिथे २ आणि २. आकडा आतल्या बाजूला लिहा, बाहेरचा हाताने पुसला जातो. मग फोनवर फोटो काढा.

१४. नटबोल्ट लहान कापडी पुरचुंडीत घालून त्याच पलंगाच्या पाटीला बांधा. "सगळे स्क्रू एका डब्यात" असं करू नका. नव्या घरी रात्री दहा वाजता कोणता कशाचा हे शोधत बसाल.

१५. आलमारी पूर्ण रिकामी करा. लॉकरही उघडून बघा. दागिने आणि कागदपत्रं तुमच्या हातातल्या बॅगेत, किल्ली तुमच्या गळ्यात. नंतर दारं सुतळीने आवळा. नुसतं कुलूप लावलं तर गचक्याने दार निसटू शकतं.

१६. लाकडी सामानाला आधी कापड, त्यावर गोणपाट गुंडाळा आणि सुतळीने बांधा. कोपऱ्यांना पुठ्ठ्याची घडी द्या. चिकटपट्टी लाकडाला थेट लावू नका, हे मी अगदी कळवळून सांगते आहे. आईच्या सागवानी देवघराची दारं उघडू नयेत म्हणून मी मे महिन्यात दोन पट्ट्या ओढून लावल्या होत्या. उन्हाने गोंद वितळला, आणि पट्टी सोलताना पॉलिशचा पापुद्रा तिच्याबरोबर निघाला. तो पांढरा चट्टा अजून आहे, रोज दिवा लावताना दिसतो.

१७. आरसा आणि टीव्ही दोन गाद्यांच्या मध्ये उभा ठेवा. आडवा ठेवला की वर कोणीतरी बोरा टाकणारच.

आदल्या दिवशी

१८. फ्रीज सकाळीच बंद करून दार उघडं ठेवा. बर्फ वितळून पाणी पुसून झालं की आतले ट्रे काढा आणि दार बांधा.

१९. वॉशिंग मशीनचं पाणी पूर्ण काढा. नळी खाली जमिनीवर टाका, उरलेलं पाणी आपोआप येईल. पुढून दाराचं मशीन असेल तर सोबत आलेले ड्रमचे बोल्ट लावायला विसरू नका.

२०. इन्व्हर्टरची बॅटरी सोडवून उभी ठेवा. आडवी झाली की तेजाब सांडतं. हे काम जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, इथे पैसे वाचवू नका.

२१. प्रत्येक खोक्याच्या दोन बाजूंवर खोलीचं नाव आणि आकडा लिहा. वरच्या झाकणावर लिहू नका. एकावर एक रचले की दिसत नाही.

२२. त्याच आकड्यांची यादी वहीत उतरवा.

२३. पहिल्या रात्रीची थैली भरा: टॉर्च, मच्छरदाणी, औषधं, चहा-साखर, एक गंज, साबण, चादर, पाना. ती गाडीत द्यायची नाही.

२४. खोके दाराजवळच्या भिंतीला रचा. येण्याजाण्याची वाट मोकळी राहू द्या. हमालांनी आतल्या खोलीत फेऱ्या मारल्या की तुमचा वेळ गेला आणि त्यांचा जीव दमला.

निघायच्या दिवशी

२५. गाडी पहाटे पाचला बोलवा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दहानंतर लोखंडी आलमारीला हात लावणं कोणावर लादू नका.

२६. हमालांना आधी चहा आणि गार पाणी द्या. सामानात नाजूक काय आहे ते एकदा फिरून दाखवा. प्रेमाने सांगितलेलं ते लक्षात ठेवतात.

२७. आलमारी आणि फ्रीज सर्वात आधी, ड्रायव्हरच्या केबिनला टेकवून चढवा. फ्रीज उभाच राहू द्या. जड सामान मागे राहिलं तर वळणावर गाडी डुलते.

२८. मोकळ्या फटींत कपड्यांचे बोरे खुपसा. सामान एकमेकांवर घासलं नाही पाहिजे.

२९. तणसाच्या टोपल्या सगळ्यात वर ठेवा. त्यांच्यावर काहीही नको.

३०. ताडपत्री अंथरून चारही कोपरे दोराने ताणून बांधा. वळवाचा पाऊस विचारून येत नाही. शिवाय उन्हात उघड्या गाडीतलं प्लास्टिक वाकडं होतं.

३१. वही काढून नग मोजा आणि मगच गाडी सोडा.

३२. उतरवताना पुन्हा तीच वही धरून दारात उभे राहा. खोका आत जाताना आकड्यावर खूण करा. पूर्ण पैसे शेवटची खूण झाल्यावर द्या. पण ती झाल्यावर एक मिनिटही ताटकळत ठेवू नका.

३३. पलंग आधी जुळवा. १ ला १, २ ला २.

३४. फ्रीज जागेवर उभा करून तीन-चार तास तसाच राहू द्या. लगेच बटण दाबलं तर कॉम्प्रेसरला त्रास होतो. तोवर माठ भरा. तो मांडीवर घेऊन आणलात ना?